लखलखीत खुरपी

"बाई, जरा इकडं या. पोरांना काय सांगू नका."

सोनाबाई स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभ्या होत्या. शाळेचा सगळा स्वयंपाक त्यांच्याकडे असे. एरवी त्यांचा आवाज ओढ्यापलीकडे जायचा, आज मात्र त्या कुजबुजत होत्या. मी हातातली रांगोळीची वाटी खाली ठेवून गेले.

त्यांनी पायरीकडे बोट दाखवलं. खंड्याने तिथे ओकून ठेवलं होतं. खंड्या म्हणजे शाळेचा कुत्रा. त्याने टाकलेलं ते ओलं निळसर हिरवं होतं, बंद पडलेल्या हौदातल्या पाण्यासारखं. खंड्या स्वतः जास्वंदीच्या आळ्यात पडला होता. मी हाक मारली तर त्याने फक्त कान हलवला.

"गवत खाल्लं असेल," मी म्हटलं.

"गवत खाऊन ओकलेलं कुत्रं म्या कितीदा बघितलंय. ह्यो रंग गवताचा न्हाय." सोनाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "बाई, कुणीतरी घातलंय त्याला."

कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आम्ही दोघींनी एकाच वेळी कुंपणाकडे पाहिलं. कुंपणापलीकडे गंगाराम कंकाचं रान होतं.

ही गोष्ट भोरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या निवासी शाळेतली. मी तिथे विज्ञान शिकवत असे. त्या दिवशी पालकमेळावा होता. दुपारच्या एसटीने पालक येणार, मुलांनी पिकवलेल्या भाजीची पंगत उठणार आणि मग मुलं आपली बाग दाखवणार, असं ठरलेलं होतं. उन्हं चढायला लागली होती. वांग्याचा रस्सा चुलीवर होता, मठ्ठ्याचं स्टीलचं पिंप कोपऱ्यात गारव्याला ठेवलेलं होतं. आणि पायरीवर ते हिरवं ओलं.

मी ते राखेने झाकलं आणि मोठ्या बाईंना सांगायला गेले.

मोठ्या बाई म्हणजे इंदिराबाई घैसास. शाळा त्यांनीच उभी केलेली. बागेचा त्यांना फार नाद. रासायनिक खताचा एक दाणा त्या आवारात येऊ देत नसत. शेणखत, गोमूत्र, पालापाचोळा, एवढ्यावर त्यांनी त्या मुरमाड जमिनीत वांगी, घेवडा, मुळे उभे केले होते. आदल्या वर्षी पुण्यातल्या एका तांबटाकडून त्यांनी मुलांसाठी तांब्याची लहान खुरपी घडवून आणली. लोखंड गंजतं आणि तो गंज मातीत उतरतो, तांबं गंजत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला आधी ते खूळ वाटलं होतं. पण खुरपी हातात आली आणि माझंही मत फिरलं. तांबटाने ती थंडच ठोकून ठोकून कडक केली होती, प्रत्येक घावाची बारीक गोल खूण पात्यावर चमकायची. ओल्या मातीत ती आवाज न करता शिरत. माती चिकटत नसे. मुलांच्या हातात ती इतकी शोभून दिसत, की खेळ सोडून मुलं वाफ्यात बसू लागली. आपलं खुरपं रात्री उशाला घेऊन झोपायची परवानगी मागणारीही दोघं-तिघं निघाली.

गावाला मात्र हे रुचलं नव्हतं. चार-पाच दिवसांपूर्वी गंगारामच्या शेळ्या कुंपण मोडून घेवड्यात शिरल्या तेव्हा मोठ्या बाईंचं आणि त्याचं चांगलंच वाजलं होतं. भांडणाच्या शेवटी गंगाराम कुंपणावर हात ठेवून म्हणाला होता, "देवाच्या पुढ्यात ठेवायचं तांबं तुम्ही मातीत खुपसताय. भुईत तांबं कोण घालतं ठावं हाय ना? करणी करणारं. हितलं खाल्लेलं एक दिवस बाधंल."

"धमकी देताय का मला?" मोठ्या बाईंनी विचारलं होतं.

"धमकी कशापायी? सांगून ठेवतोय."

ते वाक्य सगळ्या शाळेने ऐकलं होतं. त्याच्या मुलीनेसुद्धा. शेवंता चौथीत होती, गंगारामची एकुलती एक. पोरीला शाळेत कशाला, असं म्हणणाऱ्या बापाला तिच्या आजीने आणि मी मिळून कसंबसं राजी केलं होतं. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तीच विचारायची.

मोठ्या बाईंनी माझं बोलणं उभ्यानेच ऐकलं.

"मी म्हणतच होते," त्या म्हणाल्या. "आज कुत्रं, उद्या मूल. पोलीसपाटलांना निरोप धाडते. येताना गंगारामला घेऊनच या म्हणावं."

"पण त्यानेच केलं असं..."

"सरोजबाई, त्याने तोंडाने सांगितलंय. आणखी काय हवं? आणि ऐका, शेवंताचं नाव आजच काढायचं. ज्या घरातून विष येतं त्या घरातलं मूल मी इथे ठेवणार नाही. पालकांना मी काय तोंड दाखवू?"

त्या एकदा ठरवलं की मागे हटत नसत. त्या चिकाटीवरच शाळा चालली होती. म्हणून मी वाद घातला नाही. म्हटलं, "घातलं असेल तर कशात घातलंय ते आधी बघायला हवं. घटकाभरात पानं वाढायची आहेत."

"तेवढं तुम्ही बघा. मेळावा मात्र थांबणार नाही."

मी सोनाबाईंना घेऊन सगळं तपासलं. पाण्याचा हौद झाकलेला होता. पीठ, तांदूळ कुलपात. भाजी सकाळी माझ्यासमोर चिरलेली. मठ्ठ्याच्या पिंपात डोकावले. वर कोथिंबीर-मिरचीचं वाटण तरंगत होतं, वास आंबूस, नेहमीसारखा.

"ताक कधी केलंत?"

"काल सांजच्याला घुसळलं, मीठ घालून झाकून ठिवलं. वाटण सकाळी लावलं."

"रात्री स्वयंपाकघर बंद होतं?"

"कडी लावली व्हती की. सकाळी कडी लावलेलीच व्हती." त्या बोलता बोलता चुलीपाशी खाली बसल्या आणि छातीवर हात चोळू लागल्या.

"काय होतंय?"

"काय न्हाय. कालचा उपास. पित्त खवळलंय."

अंगणात एसटीतून उतरलेली माणसं येऊ लागली. डोक्याला टोपी-फेटे, हातात पिशव्या, कडेवर धाकटी मुलं. आंब्याखाली टेबलावर पांढरी चादर घालून त्यावर खुरपी मांडली होती आणि येणारा प्रत्येक जण तिथे थबकत होता. खुरपी खरोखरच पाहण्यासारखी दिसत होती. नव्या नवरीच्या दागिन्यांसारखी तांबूस लखलखत होती. आदल्या दिवशी हीच खुरपी पाहून मोठ्या बाई सगळ्या मुलांसमोर म्हणाल्या होत्या, "ही अशी काळी-हिरवी पाहुण्यांपुढे मांडायची? मला लाज वाटते तुमची." शेणात, गोमूत्रात राहून पात्यांवर जाड हिरवा थर चढला होता, अगदी तांबटाच्या घावांच्या खुणा बुजेपर्यंत. आज त्याचा मागमूस नव्हता. मला वाटलं, सोनाबाईंनी चिंच लावली असेल. मोठ्या बाईंना वाटलं, मी मुलांकडून करून घेतलं असेल. दिवस असा धावपळीचा, की कोणी कोणाला विचारलं नाही.

टेबलामागे शेवंता उभी होती. खुरप्यांची राखण तिने मागून घेतली होती. पण ती पाहुण्यांकडे पाहत नव्हती. फाटकाकडे पाहत होती.

फाटकातून पोलीसपाटील आत आले, त्यांच्यामागे गंगाराम. पाटलांनी गंगारामच्या कमरेचा कोयता काढून घेतला होता. तो त्यांनी आणून नेमका त्याच टेबलावर, खुरप्यांशेजारी ठेवला. कोयत्याची धार नुकतीच परजलेली होती, पांढरी.

मुलं आणि पालक पंगतीला बसत होते. मोठ्या बाई ओसरीच्या कडेला उभ्या राहिल्या. पाटलांना खुर्ची दिली, आणि मानाचं म्हणून कोणीतरी त्यांच्या हातात मठ्ठ्याचा पेला दिला.

"गंगाराम," पाटील पेला हातात धरून म्हणाले, "बाईंचं कुत्रं मरायला टेकलंय."

"मग म्या काय करू? म्या काय कुत्र्याचा डागदर हाय?"

पंगतीत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"इथलं खाल्लेलं बाधेल, असं तुम्ही म्हणालात की नाही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"म्हनलो."

"कशावरून म्हणालात?"

"जे वाटतं ते म्हनलो. पर म्या इख घालीन व्हय? माझी पोर हितंच जेवती."

"ते तुम्हालाच ठाऊक. आजपासून ती इथे जेवणार नाही. तिचं नाव मी काढतेय."

गंगारामने मान वळवून आंब्याखाली पाहिलं. मुलीला पाहिल्यावर इतका वेळ ताठ उभा असलेला तो माणूस खांद्यातून एकदम खचला. पाटलांनी पेला ओठांशी नेला, मग काहीतरी आठवून खाली घेतला. "मागच्या साली तुझं आणि शेजारच्या मुकुंदाचं बांधावरून झालं, तवाबी तू असंच..." ते सुरू झाले.

मी शेवंताकडे गेले. तिला तिथून आत न्यावं, एवढंच माझ्या मनात होतं. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"चल, आपण वर्गात बसू."

"म्या हितनं हलणार न्हाय. खुरपी म्या राखतेय." तिचा आवाज फुटला नाही, पण ओठ पांढरे पडले होते. "बाई, माझ्या आबांनी काय न्हाय केलं. आबा राती घरीच व्हतं."

"तुला कसं माहीत? तू तर काल मुलींबरोबर इथे वसतिगृहात होतीस."

ती गप्प झाली. मुलं अशी गप्प होतात तेव्हा त्यांच्यामागे लागायचं नसतं. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि एक खुरपं हातात घेतलं. ते उन्हात इतकं चमकत होतं, की मला माझ्या चष्म्याची कड पात्यात दिसली.

"किती सुंदर निघालंय," मी म्हटलं. "मला घासून घासून जमलं नसतं. कोणी केली गं ही?"

 पलीकडे पाटलांचा आवाज चढत होता.

"म्या," ती म्हणाली.

"एकटीने?"

"मोठ्या बाई म्हनल्या ना, लाज वाटते. म्हटलं आपण लखलखीत केली तर त्या आबांवरचा राग सोडतील." मग घाईने, "चोरी न्हाय केली बाई. एक थेंब सांडला न्हाय. खुरपी आधी नळाखाली चांगली धुतली व्हती."

"कशाचा थेंब, बाळ?"

तिने खाली पाहिलं.

मी खुरपं परत चादरीवर ठेवलं. माझ्या बोटांना काहीच लागलं नव्हतं, तरी मी हात पदराला पुसला. "मला शिकव ना," मी म्हटलं. "तांबं इतकं स्वच्छ कसं करायचं?"

शिकवायला सांगितलं की तिचा चेहरा नेहमी उजळायचा. आताही थोडा उजळला. "घासायचं न्हाय. आजी देवाचा तांब्या-पळी आंबट ताकात बुडवून ठेवती. राती ठेवायचं, सकाळी काढायचं. म्या सुतळीला खुरपी बांधली आन् पिंपात सोडली. मुठी वर ठिवल्या, पाती खाली. पहाटं सोनामावशी उठायच्या आधी काढली. कडी बी पुन्ना लावली."

"आणि पात्यांवरचा हिरवा थर?"

"गेला की समदा."

"कुठे गेला?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. वर्गात असा प्रश्न विचारला की तिचे डोळे बारीक व्हायचे. तसेच झाले.

"शेवंता, तांब्या काढून घेतल्यावर आजी त्या ताकाचं काय करते?"

"टाकून देती. उकिरड्यावर. म्हनती, कळकलंय, याला तोंड..."

वाक्य तिथेच थांबलं. तिने पंगतीकडे पाहिलं. वाढणाऱ्या मुली किटलीतून पेल्यांत मठ्ठा ओतत पुढे सरकत होत्या. तिच्या वर्गातला लहानगा इसाक पेला दोन्ही हातांत धरून बसला होता, जेवणाआधीचा श्लोक कधी होतो याची वाट पाहत. पाटलांनी बोलणं संपवून मिशा पुसल्या होत्या आणि पेला उचलला होता.

मी धावले नाही. धावले असते तर गोंधळ उडाला असता आणि गोंधळात कोणीतरी पेला रिकामा केला असता. मी सरळ चालत गेले आणि पाटलांच्या हातातून पेला काढून घेतला.

"मठ्ठा कोणी पिऊ नका," मी म्हटलं. "पेले खाली ठेवा. मुलांनो, आधी तुम्ही."

माझा वर्गातला आवाज मुलांना ओळखीचा होता. पेले खाली गेले. मोठी माणसं मुलांकडे पाहून थांबली.

"हे काय, सरोजबाई?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"ताक कळकलंय."

"ताक स्टीलच्या पिंपात आहे."

"हो. पण रात्रभर त्यात तांबं होतं."

मोठ्या बाईंना पहिल्यांदा काहीच कळलं नाही. पाटील मात्र हसले. "बाई, ह्याला वाचवायला बरं शोधून काढलंत."

मी वाद घातला नाही. पाटलांचा पेला जमिनीवर ठेवला. वरचं वाटण चमच्याने बाजूला केलं. वर आलेली निवळी पांढुरकी नव्हती, तिच्यावर निळसर छटा होती. मग टेबलावरचा गंगारामचा कोयता आणला आणि त्याचं परजलेलं टोक त्या निवळीत बुडवून धरलं. वर्गात मी मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवून दाखवत असे. तांबं पाण्यात विरघळलेलं असेल तर लोखंडाच्या अंगावर येऊन बसतं. मुलांना तो प्रयोग जादूसारखा वाटायचा. मोठ्या बाईंनीही तो एकदा मागच्या बाकावर बसून पाहिला होता.

 इसाक उठून पुढे आला, त्याच्यामागे आणखी मुलं आली. मी त्यांना बसा म्हटलं नाही. आंब्यावरून एक पान टेबलावर पडल्याचा आवाज आला. सोनाबाई दाराला टेकून उभ्या होत्या, घामाने चेहरा भिजलेला.

मी कोयता वर काढला. धारेची पांढरी कड तांबूस झाली होती. दाट नव्हती ती, दुधावरच्या पहिल्या सायीइतकी पातळ, पण उन्हात धरली तेव्हा सगळ्यांना दिसली.

"मोरचूद?" पाटलांनी विचारलं. द्राक्षाच्या बागांत काम केलेला माणूस, त्याला ते नाव पुरेसं होतं. त्यांनी ओठ उपरण्याने पुसले, एकदा आणि मग पुन्हा.

"त्याच्याच जातीचं. खुरप्यांवर जो हिरवा थर होता, तो या पिंपात आहे."

"म्या सकाळी मीठ चाखाया घोटभर घेतलं," सोनाबाई हळूच म्हणाल्या. "खंड्यालाबी भातावर घातलं. त्येला लई आवडतं." आणि त्या तोंडावर हात धरून परसाकडे वळल्या. वाढणाऱ्या दोघींना मी त्यांच्यामागे धाडलं.

मोठ्या बाईंनी खुरप्यांकडे पाहिलं. मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या शेवंताकडे. "ही तू...?"

"तुम्हांला लाज वाटू नये म्हणून," शेवंता म्हणाली.

तिला रागवायला मोठ्या बाईंनी तोंड उघडलं असेल किंवा दुसरंच काही बोलायला, मला सांगता येणार नाही. तेवढ्यात गंगाराम माझ्याजवळ आला आणि त्याने माझ्या हातून कोयता घेतला. तांबूस कडेवरून त्याने अंगठा फिरवला. ती निघाली नाही. त्याने कोयता कमरेला अडकवला आणि मुलीकडे हात केला.

"चल शेवंते."

ती टेबलामागून निघाली. मी काही म्हणाले नाही. जे म्हणायचं ते म्हणणं माझ्या अधिकारात नव्हतं, आणि ज्यांच्या होतं त्या ओसरीच्या कडेला उभ्या होत्या. बापलेक फाटकापर्यंत पोचले.

"गंगाराम," मोठ्या बाईंनी हाक मारली. "जेवून जा."

तो वळला. "हितलं?"

"नाव काढणार नाही मी तिचं. बसा. पान वाढायला सांगते."

तो उभाच राहिला. शेवंताचा हात त्याच्या हातात होता आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती, वर्गात उत्तराची वाट पाहायची तशी. मग तो परत आला, पंगतीच्या अगदी शेवटी बसला, आणि मुलीला शेजारी बसवलं.

मोठ्या बाई स्वतः वाढायला गेल्या. पान वाढलं. गंगारामने भाताला हात लावला नाही. म्हणाला, "आधी पानी द्या."

आमच्याकडे पिण्याचं पाणी तांब्याच्या घड्यात असे, आणि वाढायला तांब्याचे तांबे. मोठ्या बाईंनी हातात तांब्या उचलला आणि मग त्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांच्याच लक्षात आलं. साध्या पाण्याला तांबं काही करत नाही, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक होतं. त्यांच्या घरोघरी तेच पाणी होतं. तरी अंगणातली कुजबुज थांबली. मोठ्या बाईंचा हात तसाच राहिला, पुढेही जाईना आणि मागेही येईना.

गंगारामने हात लांब करून त्यांच्याकडून तांब्या घेतला. आत पाहिलं. तळ दिसेपर्यंत पाहिलं. मग मान वर करून मोठ्या बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, तेही तितकाच वेळ. आणि तांब्या उंच धरून, ओठ न लावता, घटाघटा पाणी प्यायला.

त्याने रिकामा तांब्या खाली ठेवेपर्यंत पंगतीत कोणीही घास उचलला नव्हता.